दोन दिवसांची सावड



गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांत एक पत्र जरा निराळे होते. लिहिणारे ऊस-कांद्याचे बागायतदार. त्यांची मुलगी शहरात संगणकाचे शिक्षण घेते. तिच्या कॉलेजातर्फे जपानची दहा दिवसांची अभ्यास सहल निघते आहे. त्यातले दोन दिवस तिकडच्या विद्यार्थ्यांबरोबर एकत्र बसून संगणकावरचा एक खेळ तयार करायचा आहे. त्याला म्हणे 'गेम जॅम' म्हणतात. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिले आहे, "पैशाची जुळणी होईलही. पण पोरगी खेळ करायला समुद्रापार चालली, हे भावकीत सांगायचे कसे?"

प्रश्न रोकडा आहे, आणि तो एकट्या त्यांचा नाही. म्हणून आज त्याच्यावरच बोलू.

आधी शब्द समजून घ्या. हा जॅम म्हणजे पावाला लावायचा मुरंबा नव्हे. तिकडचे वाजवणारे लोक कधी कधी तालीम न करता एकत्र बसतात. एकाने सूर धरला की दुसरा त्यात आपली भर घालतो. त्या बैठकीला जॅम म्हणतात. आपल्याकडे एकादशीच्या भजनाला परगावचा पखवाजी येऊन बसतो. कुणी त्याला काही सांगत नाही, पण दोन अभंगांत त्याचा हात बसतो. तसेच ते. हा शब्द खेळ बनवणाऱ्यांनी उचलला. २००२ साली अमेरिकेत ओकलंड शहरात मोजकी मंडळी अशी बसली होती. पुढे २००९ साली एकाच वेळी जगभर बसायचे ठरले. पहिल्याच वर्षी २३ देशांत ५३ ठिकाणी मुले जमली आणि शनिवार-रविवारात ३७० खेळ तयार झाले.

आपण इर्जिक घालतो. ज्याचे रान नांगरायचे आहे त्याच्याकडे गावचे औत आपापले बैल घेऊन येतात, दिवसभर राबतात आणि संध्याकाळी जेवून घरी जातात. सावडीनेही कामे करतो, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. गेम जॅम ही अशीच सावड आहे. मजुरी कुणालाच नाही. वेळ मात्र बांधलेली, बहुतेक ठिकाणी अठ्ठेचाळीस तास. शुक्रवारी संध्याकाळी विषय फुटतो, तोवर कुणाला ठाऊक नसतो. विषय कसले असतात म्हणाल, तर २०१२ साली आपलेच शेपूट गिळणाऱ्या सापाचे नुसते चित्र दाखवले. २०१३ साली तेही नाही, काळजाचे ठोके ऐकवले फक्त. आता करा यावर खेळ!

मग चार-पाच जणांचे गट पडतात. एकाला संगणकाला हुकूम लिहून देता येतात, एकाला चित्रे येतात, एकजण आवाज आणि संगीत बघतो, एकजण नियम ठरवतो. पहिली रात्र कागदावरच जाते. प्रत्येकाच्या डोक्यात मोठमोठे बेत असतात, राजे, लढाया, शंभर गावे. मुरलेला गडी असेल तर तो म्हणतो, यातले नव्वद टक्के काढून टाका. औत एक आणि दिवस दोन, मग पाच एकरांची आखणी करून उपयोग काय? शनिवारी रात्री हमखास काहीतरी मोडते. चालत असलेले चालेनासे होते, दोघांचे वाजते, एकजण रुसून बाहेर जाऊन बसतो. रविवारी दुपारी मात्र जे असेल ते सगळ्यांपुढे मांडावेच लागते. खेळ असतो दोन-तीन मिनिटांचा. बहुतेक खेळ कच्चे असतात आणि कुणी तिऱ्हाईत तो खेळू लागला की मधेच अडतातसुद्धा. त्याचे कुणाला वाईट वाटत नाही. अनोळखी माणसांत बसून, ठरल्या वेळात एक काम मुळापासून शेंड्यापर्यंत नेले, ही तिथली कमाई. माझ्या मते वर्गात बसून ही गोष्ट शिकता येत नाही.

आता जपानच कशाला? खेळ तर कुठेही करता येतो. याचे उत्तर क्योटो शहरापासून द्यावे लागेल.

क्योटोत १८८९ साली फुसाजिरो यामाउची नावाच्या गृहस्थांनी पत्ते करायचा कारखाना काढला. त्या पत्त्यांना 'हानाफुदा' म्हणतात. हाना म्हणजे फूल. पत्ते अठ्ठेचाळीस, बारा महिन्यांचे चार-चार. त्यावर राजा-राणी नाही की आकडे नाहीत. जानेवारीला देवदार जातीतले पाइनचे झाड, मार्चला चेरीचा बहर, ऑगस्टला गवताची टेकडी आणि वर पूर्ण चंद्र, सप्टेंबरला शेवंती, ऑक्टोबरला लाल झालेला मेपल. आपण नक्षत्रांवर पेरणी धरतो. त्यांचे अख्खे वर्ष पत्त्यांच्या एका जोडात बसले आहे. हाच कारखाना पुढे निन्तेन्दो कंपनी म्हणून जगभर गाजला. पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल करणारा गुन्पेई योकोई नावाचा एक नोकर रिकाम्या वेळात लांब होणारा एक खेळण्यातला हात करून बसला होता. मालकांनी तो पाहिला आणि १९६६ साली बाजारात आणला. याच योकोईने १९८९ साली हातात मावणारे 'गेम बॉय' यंत्र काढले. त्याची रीत अशी, की नवी महागडी यंत्रणा धुंडाळायची नाही; जुनी, स्वस्त झालेली, सगळ्यांच्या हातची असेल तिलाच निराळ्या कामाला जुंपायची. ही गोष्ट शेतकऱ्याला वेगळी समजावून सांगायला नको. मोटारसायकलच्या चाकावर कोळपे आपण केलेच आहे. उजी गावातल्या निन्तेन्दोच्या जुन्या कारखान्यात २ ऑक्टोबर २०२४ पासून त्यांचे संग्रहालय उघडले आहे. तिथे हानाफुदाचे पत्ते आपल्या हाताने करूनही बघता येतात. सहलीत ते असले तर चुकवू नये.

पण मला सांगायचे आहे ते पुढेच. या खेळांचा कच्चा माल कुठून आला ते पाहा. शिगेरू मियामोतो हे तिथले सगळ्यात नावाजलेले खेळकर्ते. त्यांचे बालपण क्योटोजवळच्या सोनोबे या लहान गावात गेले. रानात भटकता भटकता त्यांना एक गुहा सापडली आणि कंदील घेऊन ते आत शिरले. १९८६ सालच्या त्यांच्या 'झेल्दा' या खेळात पोरगा एकटाच रानावनात नि भुयारांत हिंडतो, ते तिथून आले. सातोशी ताजिरी तोक्योजवळच्या माचिदात वाढले. लहानपणी किडे पकडायचा असा नाद, की पोरे त्यांना किड्यांचा डॉक्टर म्हणत. पुढे शहर वाढले, तळी बुजली, शेतांवर इमारती झाल्या. शहरातल्या पोरांना किडे धरण्याची गंमत कशी कळणार, या विचारातून १९९६ साली 'पोकेमॉन' निघाला. ज्याची चित्रे तुमच्या नातवाच्या दप्तरावर आहेत, तोच.

तिसरे यासुहिरो वादा. हे दक्षिणेकडच्या मियाझाकी भागातले. नोकरीसाठी तोक्योला आले आणि गावाच्या आठवणीने कासावीस झाले. त्यांनी १९९६ सालीच असा खेळ काढला की ज्यात मारामारी नाही, शत्रू नाही. पडीक पडलेले शेत हाती येते. दगड वेचायचे, नांगरायचे, सलगम लावायचे, गाईचे दूध काढायचे, पाणी द्यायला विसरलात तर पीक वाढत नाही. कंपनीतल्या कुणाला वाटले असते का, की लोक पैसे मोजून खोटी शेती करतील? केली. अजून करताहेत. त्यावरून स्फूर्ती घेऊन एका अमेरिकन तरुणाने एकट्याने केलेला खेळ २०१६ सालापासून जगभर खेळला जातो.

आणि २०२० साली 'साकुना' नावाचा खेळ आला. दोन मुख्य माणसांच्या लहानशा संस्थेने कित्येक वर्षे खपून केलेला. त्यात भातशेती अशी बारकाव्याने घातली आहे की विचारू नका. बी निवडायचे, रोप करायचे, चिखलणी, लावणी, बांधात पाणी किती ठेवायचे, तण, कापणी, पेंढ्या वाळत घालणे, झोडणी, कांडण. बी निवडताना पाण्यात मीठ घालून हलके बी वर काढायचे, हेसुद्धा आहे. आपले कृषी सहाय्यक खरिपाच्या आधी गावोगाव हेच तर सांगत फिरतात! खेळणाऱ्या शहरी पोरांचे पीक साधेना, तेव्हा ती जपानच्या कृषी खात्याची माहिती उघडून वाचायला बसली. कृषी खात्याला एवढे वाचक एरवी कधी मिळाले असतील, देव जाणे.

तोक्योतल्या आकिहाबारालाही मुले जातीलच, सगळ्या सहली जातात. विजेच्या आणि खेळांच्या दुकानांचा झगमगाट आहे तिथे. त्यांना एवढेच सांगून ठेवा, की १९८९ सालापर्यंत तिथे कांदा भागाचा मोठा भाजीपाला बाजार होता. त्या भागाचे नावच 'कांदा'. आपल्या कांद्याचा त्याच्याशी संबंध नाही, पण ऐकून गंमत वाटते. तो बाजार नंतर ओता भागात हलवला.

जपानी मुलांबरोबर काम करण्याविषयी थोडे. भाषेची अडचण येतेच. त्यावर कागद आणि पेन्सिल हा उपाय. चित्र काढले की अर्धे बोलणे वाचते. दुसरे असे, की समोरचा मुलगा मान डोलावून 'हाय, हाय' म्हणतो तेव्हा त्याला पटलेच आहे असे समजू नये. 'ऐकतो आहे, पुढे बोला' एवढाच पुष्कळदा त्याचा अर्थ असतो. तोंडावर 'नाही' म्हणणे त्यांना अवघड जाते. 'चोत्तो...' म्हणजे 'थोडेसे...' म्हणून वाक्य अर्धेच सोडले, की ओळखावे, नकार आहे. आपली पोरे चौघे एकदम बोलतात. तिथे जरा थांबून, गप्प बसलेल्याला विचारावे लागते. पुष्कळदा चांगली कल्पना त्याच्याचकडे असते.

सावड म्हटले की एक ठिकाण सांगायलाच हवे. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप झाला, समुद्र आत आला आणि फुकुशिमाचे अणुवीज केंद्र फुटले. जवळचे मिनामिसोमा हे शहर घोड्यांच्या जुन्या उत्सवासाठी प्रसिद्ध, भोवती भातखाचरे. खाचरांत खारे पाणी शिरले. शहराच्या एका भागातून माणसांना घरेदारे सोडून निघावे लागले. उरलेल्यांना आपल्या पिकाला कुणी हात लावील की नाही याचा घोर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जपानच्या खेळ बनवणाऱ्या मंडळींनी तिथे जाऊन गेम जॅम भरवला. खेळ करून घर बांधता येत नाही, जमीनही धुऊन निघत नाही. हे त्यांनाही ठाऊक होते. पण ज्या गावाचे नाव काढले की लोक तोंड फिरवत होते, तिथे बाहेरची तरुण मंडळी आपण होऊन गेली, राहिली, जेवली. ज्याच्या दारात दुःख झाले त्याच्याकडे आपण जाऊन बसतो, तेव्हा आपण तरी हातात काय घेऊन जातो? पुढची काही वर्षे हा जॅम होत राहिला.

तेव्हा बागायतदार, भावकीला सांगा, पोरगी खेळायला नाही, काम करायला चालली आहे. पण त्याआधी चार गोष्टी कॉलेजात विचारून घ्या. खेळ करताना गट मिसळून करणार आहेत की आपली मुले एकीकडे आणि त्यांची दुसरीकडे? वेगवेगळेच बसणार असतील तर एवढे भाडे खर्चू नका. मुलींच्या राहण्याची सोय कशी, बरोबर कोण शिक्षिका आहेत, रात्री झोपायला सोडतात का? जागून काम केल्याची फुशारकी पोरांना फार असते, पण झोप मोडलेला गडी दुसऱ्या दिवशी कामाचा राहत नाही. आणि या सहलीपायी जमिनीवर बोजा चढवू नका. कर्ज काढावे लागणार असेल तर आधी मुलीला आपल्याच देशातल्या एखाद्या जॅमला बसू द्या. आपल्या मोठ्या शहरांत ते भरतात, पुष्कळ ठिकाणी फी नसते. दोन दिवस परक्या मुलांत बसून तिला ते मानवले, आणि तरीही जपानची ओढ राहिली, तर मग जुळणी करण्यात अर्थ आहे.

निघण्याआधी तिला एक संध्याकाळ रानात न्या. कॅनॉलच्या पाण्याची रात्रीची पाळी, वरच्याने दार अडवले की खालच्याची होणारी तगमग, मधेच गेलेली वीज. नियम, वेळ, चढाओढ, सगळे त्यात आहे. मियामोतोंच्या गुहेपेक्षा हे काही कमी नाही, आणि क्योटोच्या पोरांनी ते पाहिलेले नाही.

बाकी किरकोळ. पासपोर्ट आणि व्हिसाला वेळ लागतो, आधी हालचाल करा. तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, तेव्हा रात्री उशिरा फोन करून पोरीला उठवू नका. जोडे सहज निघतील असे घ्या, जागोजागी काढावे लागतात. शाकाहारी असेल तर सांगून ठेवा, की भाजीच्या दिसणाऱ्या सारातही बहुधा माशाचा अर्क असतो, विचारून खावे. यजमानांना द्यायला छोटी भेट न्यायची तिकडे रीत आहे, चिक्कीचे बंद खोके बरे पडेल. आंबा, पेरू, मिरचीचे बी असले काही पेटीत भरू नका. रोपकिडीच्या तपासणीचा दाखला नसेल तर विमानतळावरच काढून घेतात. आणि येताना तिकडच्या भाताचे मूठभर बी आण, असे तिला गुपचूप सांगायचा मोह तुम्हाला होईल, मला ठाऊक आहे. आपल्याकडचा कायदाही तितकाच कडक आहे. सांगू नका.