नोंद नाही म्हणून हक्क नाही?

कचेरीतील नोंदवहीला तर्कशास्त्राची जोड दिली, तर तीतून नवे ज्ञान निष्पन्न होईल काय, हा प्रश्न आता केवळ गणितज्ञांचा राहिलेला नाही. १९७० मध्ये आयबीएममधील एडगर कॉड यांनी सर्व माहिती साध्या कोष्टकांच्या रूपात मांडण्याची पद्धती सुचवली. १९७७ मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे भरलेल्या परिषदेत या कोष्टकांना तर्काच्या नियमांशी जोडण्याचा विचार झाला आणि पुढील वर्षी तेथील निबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

या जोडणीचे सामर्थ्य मान्य केलेच पाहिजे. कोष्टकात कोण कोणाचे अपत्य एवढीच नोंद असते. पूर्वज कोण, हे लिहिलेले नसते. परंतु ‘जनक हा पूर्वज’ आणि ‘जनकाचा पूर्वज हाही पूर्वज’ असे दोन नियम दिले की कितीही पिढ्यांचा वंशवृक्ष यंत्र स्वतः उलगडते. कॉड यांच्या मूळ बीजगणितात हे एका सूत्रात साधत नव्हते. शिवाय निष्कर्ष कोणत्या नोंदीवरून व कोणत्या नियमाने काढला, याची साखळी पायरीपायरीने दाखवता येते. १९८६ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील मारेक सर्गट, रॉबर्ट कोवाल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनचा १९८१ चा नागरिकत्व कायदा अशाच नियमांत मांडून दाखवला. कायद्याचे असे स्पष्ट रूप सामान्य नागरिकाच्या हिताचेच आहे.

दोष नियमांत नाही. तो त्यांच्यामागील एका गृहीतकात दडलेला आहे. १९७८ च्या त्याच ग्रंथात रेमंड रायटर यांनी त्याला ‘बंदिस्त जगाचे गृहीतक’ असे नाव दिले. जे नोंदलेले नाही आणि नोंदींवरून सिद्धही होत नाही, ते असत्य मानावे, असा त्याचा आशय. आगगाडीच्या वेळापत्रकाला हे गृहीतक शोभते. कारण वेळापत्रक जो रचतो, गाड्याही तोच सोडतो. पण माणसाचा जन्म, त्याचे वास्तव्य आणि त्याचे श्रम सरकारी वहीमुळे घडत नाहीत. तेथे नोंदीचा अभाव एवढेच सिद्ध करतो की कोणीतरी नोंद केली नाही, किंवा केलेली जपली नाही.

याची किंमत कोणी मोजली, हे ब्रिटननेच दाखवून दिले. १९७३ पूर्वी कॅरिबियन बेटांतून येऊन स्थायिक झालेल्या श्रमिकांना १९७१ च्या कायद्याने राहण्याचा हक्क दिला. मात्र अनेकांना त्याचा कागद दिला नाही. त्यांच्या आगमनाची जुनी कार्डे २०१० मध्ये सरकारी खात्यानेच नष्ट केली. पुढे २०१४ आणि २०१६ च्या कायद्यांनी घरमालकांपासून बँकांपर्यंत सर्वत्र कागदांची तपासणी कडक केली. कोणाची नोकरी गेली, कोणाचे घर गेले, काहींना देशाबाहेर धाडण्यात आले. २०१८ मध्ये हे उघडकीस येऊन गृहमंत्री अँबर रड यांना राजीनामा द्यावा लागला. हा अन्याय इम्पीरियल कॉलेजच्या प्रयोगाने केला नाही. तो अधिकाऱ्यांनी केला. परंतु त्यांची विचारपद्धती तीच होती: नोंद नाही, म्हणून हक्क नाही. आसाममध्ये ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या नागरिक नोंदवहीतून १९ लाखांहून अधिक अर्जदार वगळले गेले. तेथेही जुन्या कागदांच्या पुराव्याचे ओझे अर्जदारावरच होते.

यावर यंत्राला विरोध हा उपाय नव्हे. तर्कशास्त्रच येथे मदतीला येते. निखळ अनुमानात नवी माहिती आली तरी जुना निष्कर्ष ढळत नाही. ‘नोंद नाही म्हणून असत्य’ हा निष्कर्ष मात्र एका नव्या नोंदीने कोसळतो. जो निष्कर्ष इतका तात्पुरता आहे, त्यावरून कोणाचे धान्य, निवृत्तिवेतन वा नागरिकत्व कायमचे काढून घेणे तर्काला धरून नाही आणि न्यायालाही नाही. म्हणून ज्ञानसंचयात ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्या जोडीला ‘माहीत नाही’ या उत्तरालाही स्थान हवे. ते उत्तर येईल तेथे चौकशीचा भार शासनावर असावा, चौकशी संपेपर्यंत हक्क अबाधित राहावा आणि निर्णयाची साखळी संबंधितास त्याच्या भाषेत लेखी मिळावी.

यादीतून नाव गळालेला माणूस दारी येईल तेव्हा कार्यकर्त्यांनी त्याच्याकडे कागद मागण्याआधी कचेरीला विचारावे: नोंद ठेवण्याची जबाबदारी कोणाची होती?