वस्तीच्या नावाचा पैसा वस्तीत आणा



दिल्लीत कोणाचे सरकार आले, मुंबईत कोण कोणत्या पक्षात गेला, यावर आपल्या वस्तीच्या कट्ट्यावर रात्री अकरापर्यंत चर्चा चालते. परंतु आपल्या ग्रामपंचायतीने यंदा मागासवर्गीयांसाठी किती रुपये धरले आहेत, असा प्रश्न त्याच कट्ट्यावर टाकून पाहा. सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. दिल्लीच्या बातमीने आपल्या नळाला पाणी येत नाही. नळाला पाणी, गटाराला उतार, खांबाला दिवा आणि स्मशानभूमीला रस्ता या गोष्टी ज्या कागदावर ठरतात, तो कागद हाकेच्या अंतरावर ग्रामपंचायतीच्या कपाटात पडून असतो. आज त्याच कागदाविषयी लिहायचे आहे.

गावाच्या हाती सत्ता देण्याबाबत बाबासाहेब किती सावध होते, हे आपण जाणतो. १९३२ साली मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी अस्पृश्यांना राखीव प्रतिनिधित्व नसलेल्या पंचायतीला कडाडून विरोध केला. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीतही त्यांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना परखड शब्दांत सुनावले. ही भीती खोटी नव्हती आणि आजही ती पुरती गेलेली नाही. परंतु १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतीत अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. म्हणजे खुर्ची मिळाली. आता खुर्चीसमोरचे हिशेबाचे बाड उघडण्याचे काम आपले आहे. निवडून आलेला आपला माणूस एकटा पडला तर सही करण्यापुरताच उरतो. त्याच्या मागे प्रश्न विचारणारी वस्ती उभी असली, तरच त्या खुर्चीला अर्थ आहे.

पैसा कोठे कोठे असतो ते आधी पाहू. पहिली जागा म्हणजे ग्रामपंचायत. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार, दुकानगाळे यांतून ग्रामपंचायतीला जे स्वतःचे उत्पन्न मिळते, त्यातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करावयाची असते. महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के वेगळे. दुसरी जागा जिल्हा परिषद. तिच्या स्वतःच्या उत्पन्नातील, ज्याला सेस फंड म्हणतात त्यातील, २० टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी असते. शिलाई यंत्र, पिठाची गिरणी यांसारख्या योजना बहुधा याच रकमेतून निघतात. तिसरी जागा म्हणजे राज्य शासनाची वस्ती विकासाची योजना. पूर्वी हिला दलित वस्ती सुधार योजना म्हणत. आता तिचे नाव अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास असे आहे. अंतर्गत रस्ते, गटारे, पाणी, वीज, समाजमंदिर ही कामे यातून होतात आणि वस्तीच्या लोकसंख्येप्रमाणे निधी ठरतो. म्हणून वस्तीची लोकसंख्या कागदावर किती दाखवली आहे, हे प्रथम तपासावे. माणसे कमी दाखवली की निधीही कमी होतो.

आता थोडे गणित करू. समजा, एखाद्या ग्रामपंचायतीचे स्वतःचे वार्षिक उत्पन्न ४ लाख रुपये आहे. त्याचे १५ टक्के म्हणजे ६० हजार रुपये झाले. पाच वर्षांच्या एका मुदतीत ही रक्कम ३ लाख होते. ३ लाखांत संपूर्ण वस्तीचा कायापालट होत नाही हे खरे. पण दिव्यांचे खांब उभे राहतात, पाण्याची जोडणी होते, मुलांच्या अभ्यासिकेला टेबल-बाके येतात. या पाच वर्षांत आपल्या वस्तीत ३ लाखांचे काय आले, हे कोणी सांगू शकेल काय? सांगता येत नसेल तर समजावे की पैसा खर्चच पडला नाही, किंवा दुसरीकडे खर्च होऊन आपल्या नावावर लिहिला गेला.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पेशाने कारकून. हिशेबाचे कागद पाहण्यातच आयुष्य गेले, म्हणून एक गोष्ट अनुभवाने सांगतो. कोणताही सरकारी हिशेब वाचताना तीन शब्द शोधावेत: तरतूद, खर्च आणि शिल्लक. तरतूद म्हणजे किती धरले. खर्च म्हणजे किती गेले, कशावर गेले आणि कोणत्या ठरावाने गेले. शिल्लक म्हणजे जे उरले ते पुढच्या वर्षी कोठे दाखवले. ग्रामपंचायतीच्या दप्तरात नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, नमुना ५ म्हणजे रोकडवही आणि नमुना ८ म्हणजे घरांच्या कर आकारणीची नोंदवही. हे तीन नमुने ज्याला कळले त्याला निम्मी ग्रामपंचायत कळली. बारावीत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे सहज कळेल. त्यांना एकदा सोबत न्या. परीक्षेत नसलेला, पण आयुष्यभर उपयोगी पडणारा हा धडा आहे.

हे कागद मागायचे कसे? पहिला मार्ग ग्रामसभेचा. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा झाल्या पाहिजेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी त्या घेण्याची रीत आहे. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल, तेवढे लोक हजर असले की गणपूर्ती होते. म्हणजे आपल्या वस्तीतून तीस-चाळीस माणसे गेली तर ती सभेचा मोठा भाग ठरतात. सबळ कारणाशिवाय ग्रामसभा न बोलावणाऱ्या सरपंचाचे पद जाऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे. ग्रामसभेत विचारलेला प्रश्न आणि झालेला ठराव इतिवृत्तात लिहिला गेला की नाही, हे तेथेच पाहून घ्यावे. तोंडी आश्वासन हवेत विरते. लिहिलेला ठराव दहा वर्षांनीही बोलतो.

भगिनींना येथे विशेष सांगणे आहे. प्रत्येक ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी असा नियम आहे. पुष्कळ ठिकाणी ती कागदावरच होते आणि सह्या घरोघर फिरून गोळा केल्या जातात. सभेला न जाता अशी सही करू नका. पाण्यासाठी हंडा घेऊन किती लांब जावे लागते, अंधारात मुलींना कोणत्या वाटेची भीती वाटते, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक आहे? ते त्या सभेत बोला आणि लिहून घ्यायला लावा.

दुसरा मार्ग माहिती अधिकाराचा. हा कायदा ऑक्टोबर २००५ मध्ये लागू झाला. साध्या कागदावर अर्ज लिहून त्याला १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला, पुरावा जोडल्यास, तेही लागत नाही. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा व १५० शब्दांच्या आत असावा असा नियम आहे. मजकूर असा लिहावा: “मागील दोन आर्थिक वर्षांत ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील मागासवर्गीयांसाठीच्या १५ टक्के निधीची वर्षनिहाय तरतूद, झालेला खर्च, कामांची नावे, संबंधित ठरावांच्या प्रती व अखर्चित रक्कम यांची माहिती मिळावी.” एवढे पुरे. हा अर्ज ग्रामसेवकाकडे, म्हणजे हल्लीच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे द्यावा आणि आपल्या प्रतीवर तारीख, सही व शिक्का असलेली पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास पुढील ३० दिवसांत प्रथम अपील करता येते. पोच नसेल तर अर्जच आला नाही असे म्हणायला कार्यालय मोकळे असते. म्हणून पोच जपावी, रेशनकार्ड जपतो तशी.

एका गावात आमच्या महिला मंडळाच्या भगिनींनी असाच अर्ज केला होता. उत्तर आले तेव्हा कळले की मागासवर्गीयांच्या रकमेत कार्यालयाची रंगरंगोटी आणि खुर्च्या दाखवल्या होत्या. भांडण न करता त्यांनी तो कागद पुढच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवला. सभेत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ठराव झाला आणि वर्षभरात वस्तीत दिव्याचे चार खांब उभे राहिले. स्मशानभूमीचा रस्ता अजून झालेला नाही. त्याचा ठराव मात्र लिहिला गेला आहे आणि त्या भगिनींनी त्याची नक्कल काढून ठेवली आहे.

काही जण म्हणतील, निवडून आलेले सभागृहच नसेल तर विचारायचे कोणाला? महाराष्ट्रातील बहुतेक जिल्हा परिषदा व अनेक महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या घेण्याचा आदेश द्यावा लागला. तेवढा काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. पण सभागृह असो वा प्रशासक, १५ आणि २० टक्क्यांचे बंधन तेच राहते आणि माहितीचा अधिकारही तोच राहतो. उलट, लोकप्रतिनिधी नसताना तर कागद अधिक बारकाईने मागितला पाहिजे.

ग्रामपंचायतीखेरीज आपल्या जिल्ह्यात आणखी काही दारे आहेत. ती माहीत नसल्याने आपण दलालाचे दार वाजवतो. जिल्ह्याच्या ठिकाणी समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांचे कार्यालय असते, बहुधा सामाजिक न्याय भवनात. शासकीय वसतिगृह, वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना, भूमिहीनांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देणारी कर्मवीर दादासाहेब गायकवाड योजना यांची चौकशी तेथे करावी. रमाई आवास घरकुलाची चौकशी पंचायत समितीत करावी. जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. दाखला वेळेत मिळत नसेल तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्याखाली प्रत्येक सेवेची मुदत कार्यालयाने फलकावर लावलीच पाहिजे आणि मुदत टळली तर अपील करता येते. न्यायालयात जावे लागल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरण अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, तसेच कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न न पाहता मोफत वकील देते. त्यांचा फोन क्रमांक १५१०० आहे. आणि स्पर्धा परीक्षेच्या महागड्या पुस्तकांसाठी कर्ज काढण्यापूर्वी शासकीय जिल्हा ग्रंथालयाची पायरी चढावी.

या प्रत्येक दारी पहिला प्रश्न येतो तो जातीच्या दाखल्याचा. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, जुने खरेदीखत घरात असेल तर पेटीच्या तळाशी कुजू देऊ नका. १९९० च्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही मिळाल्या. त्या पदरात पडतात त्या या जुन्या कागदाच्या बळावरच.

शहरात राहणाऱ्यांनी हा विषय गावाचा म्हणून सोडू नये. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या आहेत. चाळीच्या शौचालयाचा, नाल्याचा, दवाखान्याचा प्रश्न तेथे विचारावा. माहितीचा अर्ज महापालिकेलाही तितक्याच रुपयांत होतो. शिवाय शहरातल्या नोकरदार भावाने सणासुदीला गावी जाताना वस्तीतील मुलांना अर्ज लिहायला शिकवले, तर नव्या कपड्यांपेक्षा ती भेट मोठी ठरेल.

आता काम अगदी थोडे आहे. या आठवड्यात वस्तीतील पाच जणांनी बुद्धविहारात बसावे. त्यांत दोन भगिनी आणि एक शिकणारा मुलगा किंवा मुलगी असावी. वर दिलेला अर्ज त्यांनी आपल्या हस्ताक्षरात उतरवावा, एकाने सही करावी, चौघांनी सोबत जावे आणि पोच घेऊन यावे. मिळालेले उत्तर विहारातच सर्वांसमोर वाचावे आणि पुढील ग्रामसभेची तारीख फळ्यावर लिहून ठेवावी. मार्चअखेरची वाट पाहू नका, कारण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईघाईने फाडलेल्या बिलांतच आपला पैसा वाहून जातो. हा पैसा कोणाची मेहेरबानी नाही. घरपट्टी आपणही भरतो.

जयभीम.