दीर्घिकांचे अकाली वार्धक्य

पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या अमावास्येच्या आसपास, दिव्यांच्या झगमगाटापासून दूर अशा एखाद्या किनाऱ्यावर उभे राहून माथ्याकडे पाहिले, तर देवयानी तारकासमूहात एक धूसर ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतो. तो तारा नव्हे. आपल्या आकाशगंगेसारखीच ती एक दीर्घिका आहे, आणि तिचा जो प्रकाश आज आपल्या डोळ्यांत शिरतो तो तेथून सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. दूरचे पाहणे म्हणजे जुने पाहणे, हा खगोलशास्त्राचा पहिला धडा. २५ डिसेंबर २०२१ रोजी अवकाशात झेपावलेल्या जेम्स वेब दुर्बिणीने हाच धडा कितीतरी पुढे नेला. हजार कोटी वर्षांहून जुना प्रकाश तिने टिपला, आणि त्यात जे दिसले त्याने जाणत्यांनाही कोड्यात टाकले. विश्व बाल्यावस्थेत असतानाच काही प्रचंड दीर्घिका म्हाताऱ्या होऊन बसल्या होत्या!

दीर्घिकेचे वार्धक्य म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. जोवर दीर्घिकेत नवे तारे जन्मतात तोवर ती तरुण. नव्याने जन्मलेल्या ताऱ्यांपैकी जे वजनदार असतात ते निळसर तेजाने तळपतात, पण त्यांचे आयुष्य अल्प असते. काही दशलक्ष ते काही कोटी वर्षांत ते संपतात. नवा जन्म थांबला की हे निळे तेज लोपते आणि दीर्घायुषी, मंद, तांबूस ताऱ्यांचा प्रकाश तेवढा मागे उरतो. दीर्घिकेच्या रंगावरून आणि वर्णपटावरून तिच्या घरी शेवटचा पाळणा कधी हलला हे सांगता येते, ते यामुळेच.

विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे मानले जाते. जी. एस. ९२०९ या क्रमांकाने ओळखली जाणारी एक दीर्घिका, विश्व केवळ १२५ कोटी वर्षांचे असताना जशी होती तशी आपल्याला दिसते. तिच्यात सुमारे ४,००० कोटी सूर्यांइतक्या वस्तुमानाचे तारे आहेत. ते बहुतेक सारे जेमतेम २० कोटी वर्षांत जन्मले आणि विश्व ८० कोटी वर्षांचे होते न होते तोच तेथील तारकाजन्म थांबला, असा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. आपली आकाशगंगा आज वर्षाकाठी एक-दोन सूर्यांइतके नवे तारे घडवते. त्या दीर्घिकेने वर्षाला शेकडो सूर्य घडवले आणि मग ती एकाएकी विझली. २०२५ साली तर याहूनही आधीची, विश्व ७० कोटी वर्षांचे असतानाच शांत झालेली दीर्घिका नोंदवली गेली. इतक्या लवकर हे घडावे, हे प्रचलित गणितात बसत नव्हते.

द्रव्य संपले म्हणून जन्म थांबला, असे सहज वाटेल. परंतु गोष्ट इतकी सोपी नाही. तारा जन्मतो तो शून्याखाली अडीचशे अंशांहूनही थंड असलेल्या वायूतून. वायू तापलेला असेल तर त्याचे कण एकमेकांपासून दूर पळतात आणि गुरुत्वाकर्षणाला त्यांची मूठ आवळता येत नाही. आषाढात माळ्यावर सरपण भरपूर आहे, पण ते भिजलेले, तेव्हा चूल पेटायची कशी? तशीच ही अडचण. दीर्घिका फार वजनदार झाली की तिच्याकडे ओढला जाणारा वायू पडता पडताच दहा लाख अंशांवर तापतो आणि लवकर निवत नाही, असा विचार मार्टिन रीस आणि जेरेमाया ऑस्ट्रायकर यांनी १९७७ सालीच मांडला होता. म्हणजे थोरपणातच अडथळ्याचे बीज आहे.

पण तापलेला वायूही कधीतरी निवायला हवा. तो का निवत नाही, याचे उत्तर देवयानीच्या शेजारीच, ययाती तारकासमूहात मिळाले. तेथे सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षांवर दीर्घिकांचा एक मोठा समुच्चय आहे. डॉ. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव धारण करणाऱ्या चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने तेथील तप्त वायूत उठलेले तरंग टिपले. २००३ साली ते जाहीर झाले. मध्यवर्ती दीर्घिकेच्या गाभ्यातील कृष्णविवर गिळता गिळता जी ऊर्जा बाहेर फेकते तीच भोवतालच्या वायूला निवू देत नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. प्राचीन विश्वातही अशाच खुणा दिसतात. विश्व सुमारे २०० कोटी वर्षांचे असतानाच्या एका अवाढव्य दीर्घिकेतून थंड वायू सेकंदाला सुमारे हजार किलोमीटर वेगाने बाहेर फेकला जात असल्याचे वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून २०२४ साली जाहीर झाले. शुक्राचार्यांच्या शापाने ययातीला अकाली वार्धक्य आले, ही कथा आपल्याला ठाऊक आहे. या दीर्घिकांना शाप बाहेरून कुणी दिलेला नाही. तो त्यांच्या पोटातच होता, असे तूर्त दिसते.

‘तूर्त’ हा शब्द आम्ही जाणून वापरला आहे. २०२२ साली वेबची पहिली छायाचित्रे आली तेव्हा महास्फोटाचा सिद्धांत कोसळला, अशी हाकाटी काहींनी केली. शास्त्रज्ञ मात्र पुन्हा मोजणीला बसले. सुरुवातीला अवजड वाटलेल्या काही दीर्घिकांचे वजन पुढे कमी भरले, कारण त्यांच्या प्रकाशात कृष्णविवराभोवतीच्या तेजाचाही वाटा निघाला. काही मात्र खरोखरच अवजड आणि खरोखरच विझलेल्या ठरल्या. तेव्हा दीर्घिका किती झपाट्याने वाढतात आणि कशा थांबतात, याचा हिशेब नव्याने मांडणे चालू आहे. घराची एक भिंत पुन्हा बांधावी लागते म्हणून घरच कोसळले असे म्हणणे उतावीळपणाचे; आणि भिंत मुळीच तडकली नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे. या दोहोंच्या मधली वाट हीच विज्ञानाची वाट होय.

या वाटेवर आपल्या शेजारच्या मातीचेही पाऊल उमटले आहे, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे कै. गोविंद स्वरूप यांच्या दूरदृष्टीतून उभी राहिलेली रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना तेथे एकत्र काम करतात. सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या एकेका दीर्घिकेतील हायड्रोजनचा संदेश इतका क्षीण की तो वेगळा ऐकूच येत नाही. पुण्याच्या आणि बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकावर एक रचून त्यांची सरासरी काढली आणि २०२० साली निष्कर्ष मांडला. तारे घडवणाऱ्या त्या दीर्घिकांजवळचा वायू, नवी भर पडली नाही तर, शंभर-दोनशे कोटी वर्षांत संपून जाणारा होता. विश्वातील तारकाजन्माचा वेग पुढे का मंदावला, याचे एक सबळ कारण त्यातून हाती आले. वेबने पाहिलेल्या राक्षसी दीर्घिकांहून हे प्रकरण वेगळे खरे. पण दोन्हीकडे प्रश्न एकच, पुरवठ्याचा.

अशा दुर्बिणींच्या पुढच्या पिढीसाठी, म्हणजे दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पासाठी, केंद्र सरकारने सुमारे १२५० कोटी रुपये मंजूर केले. नळाला पाणी नसलेल्या वाड्यावरचा माणूस विचारील, विझलेल्या दीर्घिका मोजून आमचे काय भले होणार? प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणाऱ्याला हसण्याचा अधिकार कुणालाही नाही. परंतु नळाला पाणी नाही ते दुर्बिणीमुळे नव्हे. आणि दुर्बीण न बांधल्याने ते येणारही नाही.

शिवाय हा प्रश्न वाटतो तितका परका नाही. आपला सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे विश्वाचे दोन-तृतीयांश आयुष्य उलटल्यावर जन्मला. तोवर आकाशगंगेतील ताऱ्यांच्या अनेक पिढ्या जन्मून, जळून, विझून गेल्या होत्या; आपल्या रक्तातले लोह आणि हाडांतला चुना त्यांच्याच राखेतला. आपली आकाशगंगा त्या घाईच्या दीर्घिकांसारखी आरंभीच विझली असती, तर या सूर्याला जन्म घ्यायला जागाच उरली नसती. दीर्घिकांना नीती नसते, म्हणून त्यांच्याकडून संयमाचा उपदेश घेण्याचा मोह आम्ही टाळतो. पण आपण येथे आहोत ते एका दीर्घिकेची चूल मंद का होईना, पेटती राहिली म्हणून, एवढे तरी ध्यानात ठेवावे. ती पेटती का राहिली आणि इतरांची का विझली, हे विचारणे म्हणजे आपल्याच जन्माची चौकशी करणे होय. त्या चौकशीचा खर्च देशाला जड नाही.