बॉयलर बंद पडला की डोकंही बंद?

इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या आयटीवाल्या मंडळींचं मला एक कोडं आहे. रात्री दोनला सर्व्हर झोपला की हेच लोक लॉग उघडतात, एकेक शक्यता खोडत जातात आणि पहाटेपर्यंत बग पकडतात. पण घरातलं हीटिंग बंद पडलं की? दोन स्वेटर चढवायचे, रजई ओढायची आणि 'इंजिनिअर कधी येणार' म्हणून फोन लावत बसायचं. अरे, तुमच्या डिग्रीवर काय लिहिलंय??

सेंट्रल हीटिंग म्हणजे तरी काय? बॉयलर पाणी तापवतो, पंप ते रेडिएटरमधून फिरवतो, गार झालेलं पाणी परत येतं. बस्स. आपण लिहितो त्या कोडपेक्षा कितीतरी सरळ मामला.

रेडिएटर वरून गार, खालून गरम? आत हवा अडकलीय. हीटिंग बंद करून गार होऊ द्या, खाली फडकं धरा, किल्लीने बाजूचा छोटा व्हॉल्व्ह पाव वळसा उलटा फिरवा. फुस्स थांबून पाणी आलं की बंद. वरून गरम आणि खाली मधोमध गार? मग गंजाचा काळा गाळ साचलाय. तिथे हवा काढून उपयोग नाही, सिस्टिम धुवून घ्यावी लागते. एकच रेडिएटर पूर्ण गार आणि बाकीचे गरम? थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हचं डोकं काढा. उन्हाळाभर न हललेली आतली पिन बऱ्याचदा खालीच अडकलेली असते. हलकेच दाबून सोडली की ती वर यायला हवी.

सगळंच गार? बॉयलरवरचा दाबाचा काटा बघा. सिस्टिम गार असताना साधारण १ ते १.५ बार हवा. फार खाली गेला की कॉम्बी बॉयलर हट्टाने चालूच होत नाही. मॅन्युअल उघडा, फिलिंग लूपचे व्हॉल्व्ह हळू उघडून दाब आणा आणि घट्ट बंद करा. ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी बाहेर फेकतो, तेव्हा उत्साह आवरा. :) आणि दर आठवड्याला पाणी भरावं लागत असेल तर ती दुरुस्ती नव्हे, रोज सर्व्हर रीस्टार्ट करणं आहे. कुठेतरी गळतंय, किंवा एक्स्पान्शन व्हेसलमधली हवा गेलीय.

कडाक्याच्या थंडीत बॉयलर गुरगुरून बंद पडला? कंडेन्सिंग बॉयलरचं पाणी बाहेर नेणारी प्लास्टिकची नळी गोठली असेल. २०१० च्या डिसेंबरात ब्रिटनभर असंख्य बॉयलर याच कारणाने बसले होते. नळीवर कोमट पाणी ओता (उकळतं नाही!), मग रीसेट करा.

आता म्हणाल, "गॅस आहे बाबा, जिवाशी खेळ." शंभर टक्के मान्य. बॉयलरचं सीलबंद झाकण, गॅसची नळी, धूर जाण्याची वाट यांना हात लावायचा नाही म्हणजे नाही. १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार पैसे घेऊन हे काम करणाऱ्याचं नाव गॅस सेफ रजिस्टरमध्ये असावंच लागतं (२००९ च्या आधी कॉर्गी होतं). त्याचं कार्ड मागून बघा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून अलार्म लावा. गॅसचा वास आला तर खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ ला फोन करा. पण वर सांगितलेल्या एकाही कामात गॅसला हात लागत नाही. भीती एका भागाची आणि हात टेकायचे सगळ्यापुढे, हा कुठला हिशोब?

दुसरी सबब: "घर भाड्याचं आहे, आपण का करा?" बरोबर. इंग्लंडमध्ये १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या कलम ११ नुसार हीटिंग दुरुस्त ठेवणं साधारणपणे मालकाचीच जबाबदारी. ती सोडू नकाच. पण निदान तर करा! "हीटिंग चालत नाही" असा मेल आठवडाभर पडून राहतो. "काल १.२ बार भरला, आज ०.४, रेडिएटरखाली ओल नाही, स्क्रीनवर अमुक कोड, फोटो जोडलाय" या मेलला टोलवणं अवघड असतं. चांगला बग रिपोर्ट म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायची गरज आहे का?

खरं दुखणं वेगळंच आहे. हाताला काळं लागणं आपल्याला कमीपणाचं वाटतं. पुण्यात नळ गळला की प्लंबर, दिवा गेला की वायरमन. पाना हातात घेणारा तो, कीबोर्ड हातात घेणारे आपण. ही मिजास बॅगेत भरून इथे आणली, पण इथे तो माणूस स्वस्त नाही आणि लगेच येतही नाही. माझ्या एका मित्राने निव्वळ फिलिंग लूप उघडून घेण्यासाठी शंभर पौंड मोजले. तेही तीन दिवस कुडकुडल्यावर, घरात सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा असताना. बाबांचे गुडघे आधीच धरलेले.

पैसे गेले ते जाऊ द्या. त्या तीन दिवसांचा हिशोब कोण देणार?

तेव्हा मंडळी, या वीकेंडला एवढंच करा. बॉयलरचं मॅन्युअल शोधा, काटा किती दाखवतो ते बघून ठेवा, आणि हार्डवेअरच्या दुकानातून रेडिएटरची किल्ली आणा. एका कॉफीपेक्षा स्वस्त मिळते.