'भयमुक्त शहर, दर्जेदार शाळा': बीडचा नगराध्यक्ष यातलं नेमकं काय करू शकतो?

बीड जिल्ह्यातल्या सहा नगरपरिषदांच्या मतदानासाठी 2 डिसेंबर 2025 ही तारीख ठरली होती. बीड, परळी, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई आणि धारूर. मतदान यंत्रावर एक मत थेट नगराध्यक्षासाठी आणि बाकीची मतं आपल्या प्रभागातल्या नगरसेवकांसाठी द्यायची होती. बीड शहराने त्याआधी नगराध्यक्ष निवडला तो 2016 मध्ये. त्या पालिकेची मुदत संपल्यावर जवळपास चार वर्षं कारभार प्रशासकाकडे होता. म्हणजे तेव्हा पहिल्यांदा मत देणाऱ्या पोराला नगरसेवक काय करतो हे माहीत नसेल, तर त्यात त्याची काही चूक नाही.

एरवी इथली पालिकेची निवडणूक पाण्यावर लढली जाते. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, रस्ता कधी होणार, नाली कोण काढणार. ते प्रश्न 2025 मध्येही होतेच. पण व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, चहाच्या टपरीवर आणि प्रचाराच्या रिक्षांवर आणखी दोन विषय ऐकू येत होते: गुन्हेगारी आणि शाळा.

त्याचं कारण सगळ्या महाराष्ट्राला माहिती आहे. 9 डिसेंबर 2024 ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. पवनचक्की कंपनीकडे मागितलेली दोन कोटींची खंडणी, त्यातून झालेला वाद आणि त्या वादातून खून, असं सीआयडीचं आरोपपत्र सांगतं. वाल्मीक कराड या प्रकरणात आरोपी आहेत, मकोका लागला आहे आणि खटला कोर्टात आहे. 4 मार्च 2025 ला धनंजय मुंडेंना मंत्रिपदाचा राजीनामा द्यावा लागला. त्यानंतर वर्षभर बीडचं नाव टीव्हीवर ज्या पद्धतीने आलं, त्याचा इथल्या माणसाला वीट आलाय. पुण्यात रूम शोधताना 'बीडचा का?' हा प्रश्न ऐकलेल्या पोरांना विचारा.

मग उमेदवार म्हणतात, आम्ही शहर भयमुक्त करू. पण करणार कसं?

पोलीस कुणाचे?

ज्या 4 नोव्हेंबर 2025 ला राज्य निवडणूक आयोगाने आपल्याकडच्या नगरपरिषदांची निवडणूक जाहीर केली, त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये महापौरपदासाठी मतदान होतं. झोहरान ममदानी जिंकले, रील्स तुम्हीही पाहिल्या असतील. तिथला महापौर पोलीस आयुक्त नेमतो. शहराच्या सरकारी शाळांचा प्रमुखही तोच नेमतो. त्यामुळे तिथल्या उमेदवाराने 'गुन्हेगारी कमी करतो' म्हटलं, तर त्या वाक्यामागे अधिकार असतो.

आपल्याकडे पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे दोन्ही विषय राज्य सरकारचे आहेत. शहरातल्या पोलीस ठाण्याचा निरीक्षक जिल्हा पोलीस अधीक्षकांना जबाबदार, अधीक्षक वरिष्ठांना आणि शेवटी सगळं गृह विभागाकडे. या साखळीत नगराध्यक्ष कुठेच नाही. एका हवालदाराचीही बदली त्याच्या सहीने होत नाही.

माजलगावकरांना हे वेगळं सांगायला नको. 30 ऑक्टोबर 2023 ला आरक्षण आंदोलनाच्या वेळी जमावाने तिथल्या आमदारांचं घर पेटवलं आणि नगरपरिषदेची इमारतही पेटवली. ती आग थांबवायला पालिकेकडे स्वतःचं काय होतं? अग्निशमनाची गाडी. बंदोबस्त पोलिसांचा आणि संचारबंदीचा आदेश जिल्हा प्रशासनाचा.

त्या खुनानंतर बीडमध्ये जे बदल झाले, तेही सगळे याच साखळीतून आले. डिसेंबर 2024 मध्ये नवनीत काँवत अधीक्षक म्हणून आले. शस्त्रपरवान्यांची छाननी झाली, अनेक परवाने रद्द झाले. पोलिसांच्या टेबलावरच्या पाट्यांवरून आडनाव काढून फक्त नाव ठेवायला सुरुवात झाली, म्हणजे तक्रार घेऊन आलेला माणूस समोरच्या अधिकाऱ्याची जात शोधत बसणार नाही. यातला एकही निर्णय पालिकेच्या सभागृहात झालेला नाही. होऊही शकत नव्हता.

आणि आणखी एक. मस्साजोगचा मतदार या निवडणुकीत नव्हताच. ते गाव ग्रामपंचायतीचं. ज्या खुनावरून हा सगळा प्रचार तापला होता, त्याचा या मतपत्रिकेशी थेट संबंध नव्हता.

मग नगराध्यक्षाच्या हातात काहीच नाही?

आहे, आणि माझ्या मते खरी चर्चा इथे व्हायला हवी.

पहिली गोष्ट दिवाबत्ती. रस्त्यावर उजेड ठेवणं हे नगरपरिषदेचं कायद्याने बंधनकारक काम आहे. संध्याकाळी सात वाजता क्लास सुटल्यावर मुलगी ज्या बोळातून घरी येते, तिथला दिवा लागतो की नाही, याचं उत्तर एसपींकडे नाही, पालिकेकडे आहे. 'शहर भयमुक्त करू' म्हणणाऱ्या उमेदवाराला आपल्या गल्लीतला बंद खांब दाखवा आणि दुरुस्तीचा ठेका कुणाकडे आहे, वीजबिल किती थकलंय, हे विचारा. उत्तर आलं तर माणसाने अभ्यास केलाय.

सीसीटीव्हीचं आश्वासन जवळपास प्रत्येक शहरात मिळतं, कारण ते फोटोत चांगलं दिसतं. कॅमेरे बसवायला पैसा मिळतो, बऱ्याचदा जिल्हा नियोजन समितीकडून. अडचण बसवल्यानंतर सुरू होते. वायर तुटली, रस्ता खोदला, माकडाने केबल ओढली, तर दुरुस्ती कोण करणार? पोलीस म्हणतात पालिका, पालिका म्हणते पोलीस. गुन्हा घडल्यावर फुटेज मागायला जावं, तर कॅमेरा बंद. त्यामुळे 'किती कॅमेरे लावणार' यापेक्षा 'पुढच्या तीन वर्षांच्या देखभालीचा पैसा कुठल्या खात्यातून' हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

तिसरी गोष्ट होर्डिंग. चौकाचौकात वाढदिवसाचे बॅनर लागतात आणि त्यावर कधी कधी असे चेहरे असतात, ज्यांच्यावर कुठल्या कलमाखाली गुन्हे आहेत हे चौकातल्या प्रत्येकाला पाठ असतं. विनापरवाना बॅनर काढण्याचा अधिकार आणि जबाबदारी पालिकेची आहे. त्यासाठी गृह विभागाकडे जावं लागत नाही. फक्त बॅनर काढायला गेलेल्या कर्मचाऱ्याच्या मागे कुणीतरी उभं राहावं लागतं. नगराध्यक्ष उभा राहणार का?

चौथी गोष्ट ठेके, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बीडमध्ये गुन्हेगारी म्हटलं की आपल्याला बंदूक आठवते. पण त्या खुनानंतर जे विषय बाहेर आले ते बघा: पवनचक्कीची खंडणी, वाळूचा उपसा, परळीच्या औष्णिक केंद्रातली राख. सगळीकडे मुळाशी पैसा आहे. कुठलं काम कोण करणार, कुणाला विचारून करणार, मध्ये कुणाचा वाटा. आता नगरपरिषद म्हणजे काय, तर शहरातली कामं वाटणारी संस्था. रस्ते, नाल्या, कचरा, पाण्याचे टँकर, बांधकाम परवाने. नगराध्यक्ष सर्वसाधारण सभेचा आणि स्थायी समितीचा अध्यक्ष असतो. निविदांचे विषय तिथेच येतात. म्हणून ज्याला खरोखर दहशत कमी करायची आहे, त्याने फक्त एवढं सांगावं: प्रत्येक निविदेत किती जणांनी भाग घेतला, काम कुणाला मिळालं, बिल किती निघालं, हे दर महिन्याला पालिकेच्या वेबसाइटवर आणि दारावरच्या फलकावर लावू. एकाच कामाला एकच निविदा का येते, हे लोक मग आपोआप विचारायला लागतील.

यात मुख्याधिकारी हा राज्य सरकारचा अधिकारी असतो आणि अंमलबजावणी त्याच्या हातात असते, हेही लक्षात ठेवायला हवं. शिवाय नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं, असंही होऊ शकतं. थेट निवडणुकीत तो धोका असतोच. तीन मतं देताना तिन्हींचा विचार एकत्र करा.

शाळेच्या भिंतीवरची पाटी वाचा

शाळांचं गणित जास्त गुंतागुंतीचं आहे. राज्यघटनेत पंचायतींकडे द्यायच्या विषयांची एक यादी आहे, अकरावी अनुसूची. त्यात प्राथमिक आणि माध्यमिक शाळांसह शिक्षण स्पष्ट लिहिलंय. शहरांसाठीची यादी बारावी अनुसूची. तिच्यात रस्ते आहेत, पाणी आहे, दिवाबत्ती आहे, पण शिक्षणाबद्दल फक्त सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देणं एवढंच. शाळा हा शब्दच नाही.

म्हणून आधी आपल्या वॉर्डातल्या शाळेची पाटी वाचा. मराठवाड्यात शहरातही बऱ्याच सरकारी शाळा जिल्हा परिषदेच्या असतात. तशी असेल तर तिचा कारभार जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे. आणि जिल्हा परिषदेतही 2022 मध्ये प्रशासक आला. खासगी अनुदानित असेल तर संस्थाचालक आणि राज्याचा शिक्षण विभाग. पाटीवर नगरपरिषद असेल, तर इमारत, पाणी, शौचालय यांचा जाब नगराध्यक्षाला थेट विचारता येतो. पण शिक्षक तरीही त्याच्या मर्जीने येत नाहीत. भरती राज्याच्या पवित्र पोर्टलवरून होते आणि किती शिक्षक द्यायचे हे पटसंख्येवरून ठरतं. '15 मार्च 2024 चा जीआर' हे शब्द कुठल्याही गुरुजींसमोर उच्चारा, पुढचा अर्धा तास तुम्हाला संचमान्यता समजावून सांगतील.

गंमत म्हणजे तुमच्या घरपट्टीच्या पावतीवर 'शिक्षण कर' नावाची एक ओळ असते. तो पैसा पालिका गोळा करते आणि राज्य सरकारकडे भरते. पावती पालिकेची म्हणून लोकांना वाटतं, शाळा पण पालिकेचीच.

पण एक दार उघडं आहे. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 'स्थानिक प्राधिकरणा'वर काही कर्तव्यं टाकतो आणि त्या व्याख्येत नगरपरिषद येते. आपल्या हद्दीतल्या 14 वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवायची. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत प्रवेश मिळेल हे बघायचं. बीड जिल्ह्यात या दोन ओळींचं वजन किती आहे, हे वेगळं सांगायची गरज नाही. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, पोरं आईबापासोबत फडावर. मागे आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, पण ती खेड्यांच्या हिशोबाने चालते. धारूर किंवा गेवराईच्या कडेला वाढलेल्या वस्त्यांमधली पोरं कुणाच्या यादीत? 'डिजिटल क्लासरूम' देणाऱ्या उमेदवाराला विचारा, तुमच्या प्रभागात शाळेत न जाणारी मुलं किती आहेत. आणि या मुलांचे आईबाप मतदानाच्या वेळी बहुतेक इथे नसतात. त्यांच्या वतीने हा प्रश्न इतरांनाच विचारावा लागतो.

जिथे दोन्ही विषय एकत्र येतात

जून 2025 मध्ये बीड शहरातल्या एका खासगी कोचिंग क्लासमधल्या शिक्षकांवर विद्यार्थिनीच्या लैंगिक छळाचा गुन्हा पोक्सोखाली दाखल झाला. शहर हादरलं. त्याआधी ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतली घटना घडली होती. बदलापूर हेही नगरपरिषदेचंच शहर. त्यानंतर राज्य सरकारने शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे केले. तक्रार नोंदवणं, तपास करणं हे काम पोलिसांचंच राहणार. पण क्लास ज्या इमारतीत चालतो, तिला बांधकाम परवाना कशासाठी दिला होता, आग लागली तर पोरं बाहेर पडतील का, अग्निसुरक्षेची तपासणी झाली का, हे पालिकेचं काम आहे. शहरात मोठे क्लास किती आणि कुठे, याची साधी यादी पालिकेने केली, तर पुढच्या प्रत्येक विभागाला तपासायला काहीतरी हातात मिळेल.

बीड शहरात 2025 च्या निवडणुकीत नगराध्यक्षपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव होतं. त्यामुळे वरचे सगळे प्रश्न उमेदवार बाईंना विचारा, शेजारी हात जोडून उभ्या असलेल्या नेत्याला नाही. सही त्यांची चालते.

प्रत्येक उमेदवाराने अर्जासोबत शपथपत्र दिलेलं असतं. दाखल गुन्हे, मालमत्ता, शिक्षण, सगळं त्यात असतं. नगरसेवकांचीही शपथपत्रं वाचा, कारण भयमुक्तीची घोषणा एकाने द्यायची आणि त्याच पॅनलमधल्या दुसऱ्याच्या शपथपत्रात कलमांची रांग, असं असेल तर ते मतदानाआधी कळलेलं बरं. सभागृहाला दर आर्थिक वर्षाचं बजेट करावं लागतं. त्यात दिवाबत्तीच्या देखभालीसमोर आणि शिक्षणासमोर किती आकडा लिहिलाय, ते बघता येतं.