गाडी उचला, पण आधी सांगून

मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका, यांस,


विश्रांतवाडी, टिंगरेनगर, धानोरीच्या गल्ल्यांत पावसाळ्यापूर्वी गटारे साफ करताना कामगारांपुढची पहिली अडचण गाळाची नसते, गाडीची असते. चेंबरच्या झाकणावरच चारचाकीचे मागचे चाक. पहार घालायला जागा नाही, मालक कुठल्या मजल्यावर राहतो ते ठाऊक नाही. मग ते चेंबर तसेच ठेवून पुढचे उघडावे लागते. यात त्या कामगारांचा काय दोष? मधले एक चेंबर तुंबलेले राहिले, की वरच्या अंगाची साफ केलेली चेंबरेही कामाची राहत नाहीत. पहिल्या जोरदार सरीला पाणी रस्त्यावर येते आणि त्याच गाडीच्या चाकांना लागते.

अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात मोठी बर्फवृष्टी झाली की महापालिका बर्फ हटवण्यासाठी तीन टप्पे जाहीर करते. पहिल्या रात्री मुख्य रस्ते मोकळे, दुसऱ्या दिवशी इतर रस्त्यांची सम क्रमांकाच्या घरांची बाजू, तिसऱ्या दिवशी विषम. जी गाडी हलली नाही ती उचलली जाते. पुणेकरांना यात नवे काहीच नाही. सम-विषम तारखांच्या पी-१, पी-२ पाट्या आपल्याकडेही आहेत. आणि ज्येष्ठात माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला निघते, तेव्हा विश्रांतवाडीतला आळंदी रस्ता मोकळा होतोच की! तारीख सगळ्यांना आधीपासून माहीत असते.

तेवढेच गटारांसाठी करा. गल्लीवार तारखा ठरवा. तीन दिवस आधी सोसायटीच्या फाटकावर सूचना लावा, घंटागाडीवरून पुकारा. एका दिवशी रस्त्याची एकच बाजू घ्या. मे महिन्यात मनपा शाळांना सुटी असते. जिथे मैदान आहे तिथे त्या दिवसापुरती गाड्यांना जागा द्या. एवढे करूनही गाडी जागची हलली नाही, तर खुशाल उचला, मग ती कुणाचीही असो. ओळखीपाळखीचे फोन ऐकू नका.

सुरुवात मात्र बेवारस गाड्यांपासून व्हावी. टायर बसलेले, काचेवर धुळीचा थर, खाली पाचोळा नि प्लॅस्टिक अडकलेले, अशी गाडी म्हणजे गटाराच्या तोंडावरचा बांधच. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 127 नुसार सार्वजनिक जागी 10 तास किंवा अधिक काळ बेवारस सोडलेले वाहन हलवण्याची परवानगी गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. म्हणून सफाईचे पथक, वाहतूक पोलीस आणि टोइंगची गाडी एकाच सकाळी एकाच गल्लीत हवीत. काढलेला गाळही त्याच दिवशी उचलला जावा. कडेला ठेवलेला ढीग पावसाने पुन्हा आतच जातो.

येरवडा-कळस-धानोरी क्षेत्रीय कार्यालयाने या तारखा एप्रिलअखेर जाहीर कराव्यात, ही विनंती. त्या दिवशी गाडी काढून ठेवण्याची जबाबदारी आम्हा रहिवाशांची.

आपला,
विश्रांतवाडीतील एक रहिवासी