पन्नास पैशांचा फंडा

सकाळी सहा-साडेसहाला जुईनगरच्या कुठल्याही बिल्डिंगमध्ये शिरा, दारांच्या कड्यांना दुधाच्या पिशव्या लटकलेल्या दिसतील. तासाभरात तुम्ही ठाणे किंवा पनवेल लोकल पकडायला स्टेशनकडे पळता. तोवर चहा झालेला असतो आणि पिशवी डस्टबिनमध्ये गेलेली असते. जेमतेम तीन ग्रॅम प्लास्टिक. इतकुशा गोष्टीवर कॉलम?

तर ऐका. जून २०१९मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधिमंडळात आकडा सांगितला होता : राज्यात रोज सुमारे १ कोटी दुधाच्या पिशव्या, म्हणजे ३१ टन प्लास्टिक. मार्च २०१८च्या प्लास्टिकबंदीतून दुधाची पिशवी सुटली होती ती एका अटीवर. पिशवी जाड हवी आणि तिच्यावर परतीची किंमत छापलेली हवी, किमान ५० पैसे. गिऱ्हाइकाने दूध घेताना अर्धा रुपया जास्त द्यायचा आणि रिकामी पिशवी परत करून तो वसूल करायचा. कागदावर एकदम सही! पण ही योजना काही रुळली नाही. तुमच्या दूधवाल्याकडे ५० पैसे मागून बघा. ते नाणं अजूनही चलनात आहे, पण तो तुमच्याकडे कसा बघतो ते मला कळवा.

आता थोडं गणित. एका किलोत साधारण सव्वातीनशे पिशव्या बसतात. प्रत्येकी ५० पैसे धरले तर किलोला १६० रुपये झाले. तुमचा रद्दीवाला दुधाच्या पिशव्यांना हा भाव देतो का? छे! म्हणजे ते ५० पैसे प्लास्टिकची किंमत नव्हतीच. तुमचेच पैसे तुमच्याच आळसाला जामीन ठेवले होते. आयडिया मस्तच होती. घोडं अडलं ते पुढे. आंबट वास मारणाऱ्या पिशव्या दुकानदाराने मोजायच्या, ठेवायच्या, कंपनीगणिक वेगळ्या करायच्या, त्याही दुधावरच्या तुटपुंज्या मार्जिनमध्ये. या कामाचे त्याला कोण देणार? तो बिचारा पर्यावरणाचा दुश्मन नाही, त्याला गाळ्याचं भाडं भरायचंय.

गंमत म्हणजे जिथे सरकारी स्कीम अडली, तिथे आपल्या आया केव्हाच पोचल्या होत्या. पिशवी धुवायची, खिडकीच्या ग्रिलला वाळत घालायची, महिन्याने रद्दीत द्यायची. कुणी याला 'सस्टेनेबल लाइफस्टाइल' म्हटलं नाही. स्वच्छ, एकाच जातीचं प्लास्टिक असल्यामुळे त्याला गिऱ्हाईक आहे, म्हणून ती साखळी चालते. याउलट वेफर्सचं चकाकतं पाकीट. त्यात प्लास्टिकला ॲल्युमिनियमचा थर चिकटलेला असतो, तो सुटता सुटत नाही, म्हणून रद्दीवाला हातही लावत नाही. त्यावर कितीही हिरवी पानं छापा!

कंपन्या काहीच करत नाहीत असं नाही. फेब्रुवारी २०२२च्या केंद्राच्या नियमांनुसार जितकं प्लास्टिक बाजारात आणलं, त्याच्या ठरलेल्या हिश्शाची जबाबदारी त्यांना घ्यावी लागते. त्यासाठी रिसायकल करणाऱ्याकडून सर्टिफिकेट विकत घेता येतं. हिशोब चोख. फक्त हा पैसा कंपनी आणि रिसायकलवाला यांच्यात फिरतो, पिशवी धुणाऱ्या हातापर्यंत येतोच असं नाही. माझ्या मते ग्रीन बिझनेसची खरी परीक्षा तिथेच आहे. नफा कमावण्यात पाप नाही, पण परतीचा खर्च किमतीत धरलेला नसेल तर तो नफा दुसऱ्या कुणाच्या तरी गटारातून आलेला असतो.

आणि हे जमतं. एके काळी मुंबईत 'आरे'चं दूध काचेच्या बाटलीत यायचं, रिकामी बाटली देऊन भरलेली घ्यायची. तामिळनाडूत निलगिरी जिल्ह्यात २०२२पासून दारूच्या बाटलीवर १० रुपये जादा घेतात आणि बाटली आणून दिली की परत करतात. मद्रास हायकोर्टाने दट्ट्या लावला, म्हणून सुरू झालं. दहा रुपयांसाठी लोक बाटली घेऊन परत येतात, पन्नास पैशांसाठी कोण जिना उतरणार?

दरम्यान एक फुकटातलं काम. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकताच ठेवा. तो टीचभर त्रिकोण ना रद्दीवाला उचलतो ना घंटागाडी.